एकेचाळीस नंबरचा बिल्ला

५ जानेवारी

ती. मावशी,
सा. न.

आधी पूर्ण वाच, मग ओरड. मी त्या बेटावर जाऊन आले.

आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, मी रविवारी नव्या मशीनच्या ट्रेनिंगला गेले होते. आपल्या घरात बेटाचा विषय निघाला की आई भांडी घासायला घेते, घासलेली असली तरी. एकतीस वर्षांपूर्वी बाबा तुमच्याबरोबर तिथे सहलीला गेले, परत आले, दुसऱ्या दिवशी तुमच्या कारखान्यात हजेरी लावली आणि घराकडे मात्र फिरकले नाहीत. आम्हाला टाकून गेले. एवढीच गोष्ट मला माहीत आहे. त्या दिवशी मला ताप होता आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, हेही माहीत आहे. सदतीस वर्षांची झाले तरी मनातून जात नाही, की अशा किरकिऱ्या पोरीला कंटाळूनच माणूस गेला असेल.

ते जाऊ दे. सहल आमच्या हॉस्पिटलमधल्या एक्स-रेने ठरवली. एक्स-रे म्हणजे एक्स-रे काढणारी, आम्ही एकमेकींना खात्याच्या नावानेच हाका मारतो. बरोबर औषधवाली होती आणि डाएट. डाएट दिवसभर पेशंटना काय खाऊ नये ते सांगते आणि बोट सुटायच्या आत चौघींचा डबा संपवते. माझं टोपणनाव ‘कान’, कारण मी कान तपासते.

सव्वा तास बोट. बेट येण्याआधी त्याचा वास येतो. झाडांवर पानांपेक्षा पाणकावळे जास्त, खडक शिटीने पांढरे झालेले. वाळूत कासवीण सरपटत गेल्याच्या खुणा, आणि एक घोरपड तर आमच्याकडे असं बघत होती की आम्हीच बघण्याची वस्तू. एक्स-रे म्हणाली, “आपल्या मेट्रनसारखी बघते गं ही.”

जेटीवर एक जुना लाकडी फळा आहे. साठ खिळे, खाली नंबर, प्रत्येकावर पितळी बिल्ला. तिथला राखणदार सांगत होता, पूर्वी तिकिटाबरोबर बिल्ला मिळायचा. बेटावर उतरलं की तो आपल्या खिळ्यावर टांगायचा, निघताना काढून घ्यायचा आणि किनाऱ्यावर पेटीत टाकायचा. फळा मोकळा झाला म्हणजे बेट मोकळं झालं. आता मनगटाला कागदी पट्टी बांधतात, फळा नुसता शोभेला. सगळे बिल्ले टांगलेले, फक्त एक खिळा रिकामा. डाएट म्हणाली, “कुणीतरी अजून इथेच राहिलंय वाटतं.” राखणदार हसला. “उलटं, बाई. बिल्ला नाही म्हणजे माणूस गेलेला.”

आता खरं सांगायचं ते. तिथे साळुंकीएवढा एक काळा पक्षी आहे, डोळ्याभोवती पिवळी कड. सगळे त्याला नकल्या म्हणतात. बोटीच्या इंजिनाची नक्कल करतो, कॅमेऱ्याची करतो, राखणदाराच्या खोकल्याचीसुद्धा करतो. आम्ही हसून बेजार झालो होतो. मग एकाने शिट्टी घातली. दोन आखूड, एक लांब, शेवटी खाली उतरणारी. मग दम खाल्ल्यासारखं थांबून पुन्हा एक आखूड.

मावशी, तुला माहीत आहे माझं काम. काचेच्या खोलीत पेशंट बसतो, मी त्याच्या कानात आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. ती शिट्टी झाली आणि माझं बोट वर गेलं. आपोआप. औषधवाली म्हणाली, “कान, बरी आहेस ना?” मला रडू येत होतं, आणि का ते कळत नव्हतं.

ही शिट्टी मी आधी कुठे ऐकली आहे? तू तेव्हा आमच्या मागच्याच गल्लीत राहायचीस. तुला काही आठवतं का? मी घेऊन दिलेला मोबाइल तू कपाटात ठेवलास आणि फोनवर तुला ऐकू येत नाही, तेव्हा पत्रानेच कळव. पण लवकर.

तुझी,
बबडी

---

१४ जानेवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझी तब्येत ठीक. खालच्या सायकलवाल्याने दुकान वाढवलंय, दिवसभर ठोकाठोक चालते म्हणतात. मला काय, मला बहिरेपणाचा तेवढा फायदा.

पक्षी म्हटला की शिट्टी आलीच. तू तेव्हा सहा वर्षांची, अंगात ताप, तुला काय आठवणार? चार मैत्रिणी जमल्या की एकीला काहीतरी ऐकू येतंच. त्याचं एवढं मनावर घेऊ नये. लोक वस्तू उचलून नेतात, त्यात तो एकेचाळीसचा खिळा रिकामा राहिला असेल, त्याचाही विचार करत बसू नकोस.

पुन्हा तिकडे जाऊ नकोस. ताईला यातलं अक्षर सांगू नकोस. तिचा रक्तदाब वगैरे सांभाळ, तिला जिने चढू देऊ नकोस.

ती शिट्टी कुठून आली? जेटीच्या डाव्या हाताला खडक आहेत, त्यांच्या मागून का? की झाडातून?

नको, कळवू नकोस. स्वेटर पाठवलाय, बाह्या लांब झाल्यात, दुमडून घाल.

तुझी,
मावशी

---

२२ जानेवारी

ती. मावशी,
सा. न.

स्वेटर मिळाला. बाह्यांत आणखी एक बबडी मावेल.

तू जाऊ नकोस म्हणालीस म्हणून गेले नाही, पण राखणदाराला फोन केला. भला माणूस आहे. बारा वर्षं तिथे आहे आणि त्याच्या आधीच्या राखणदाराच्या वह्या त्याने जपून ठेवल्यात. मी विचारलं, ही शिट्टी पक्ष्यांना कुणी शिकवली? तो म्हणाला, “तेच कोडं आहे.” नकल्या एकदा ऐकून शिकत नाही. पिल्लं घरट्यात असताना जो आवाज रोज, आठवडेच्या आठवडे कानावर पडतो, तोच कायमचा शिकतात. पुढे त्यांच्याकडून त्यांची पिल्लं. इंजिन, कॅमेरा, त्याचा खोकला हे मोठे पक्षी मोसमापुरतं उचलतात आणि बेट बंद झालं की विसरतात. शिट्टी मात्र टिकली आहे, ती माणसाची आहे, आणि पिल्लांच्या दिवसांत बेटावर माणूसच नसतो. एप्रिलपासून समुद्र खवळतो, बेट बंद होतं ते थेट नोव्हेंबरात उघडतं. राखणदारसुद्धा शेवटच्या बोटीने परत येतो.

जुन्या वहीत त्या शिट्टीची पहिली नोंद सापडली म्हणे. एका नोव्हेंबरात, बेट उघडल्याच्या दिवशी. ‘पक्षी नवीन आवाज काढतात. शिट्टी. सगळीकडून.’ त्याने वर्ष सांगितलं. मावशी, ते बाबा गेले तेच वर्ष.

राखणदार थट्टेत म्हणाला, त्या पावसाळ्यात एखादं भूत मुक्कामाला असेल. मी हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या काचेच्या खोलीत बसून राहिले. तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही ना, म्हणून.

आणखी एक. रिकाम्या खिळ्याचा नंबर मी तुला लिहिला नव्हता. मला माहीतच नव्हता. तुझं पत्र आल्यावर राखणदाराला विचारला.

एकेचाळीस.

तुला कसा माहीत?

बबडी

---

२७ फेब्रुवारी

मावशी,

पाच आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. सायकलवाल्याच्या दुकानात फोन केला, तो म्हणाला तू बरी आहेस, रोज दूध आणायला उतरतेस. म्हणजे तू बरी आहेस आणि लिहीत नाहीस.

इथे काय झालं ते ऐक. एक्स-रेने बेटावर मोबाइलवर आवाज टिपून घेतला होता. काल तिने तो मला पाठवला. मी खोलीत दार लावून ऐकत होते. आई स्वयंपाकघरात. शिट्टी झाली आणि बाहेर पातेलं पडलं.

मी धावत गेले. आई ओट्याला धरून उभी. मला म्हणाली, “दार उघड.” मी म्हटलं, “कुणी नाहीये, आई.” ती म्हणाली, “आलाय तो. गल्लीत आहे. उघड दार.”

मग मी तिला सगळं सांगितलं. बेट, पक्षी, सगळं. वाटलं होतं, ती तडकेल. ती खाली बसून सांडलेली डाळ गोळा करायला लागली. एकेक दाणा. मग म्हणाली, “रोज सकाळी ही शिट्टी घालायचा. आपल्या दारात नाही. मागच्या गल्लीत, हिच्या खिडकीखाली. बायकोला कधी शिट्टी घातली नाही त्याने. मेव्हणीला घालायचा.”

आणि मग ती जे बोलली ते मी लिहिणार नव्हते, पण तू गप्प आहेस म्हणून लिहिते. ती म्हणाली, “तो गेला, आणि वर्षाच्या आत ही नोकरी सोडून दुसऱ्या गावाला गेली. तेव्हापासून मी हिच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. कशाला जाऊ? कोण दार उघडेल या भीतीने मी गेले नाही.”

एवढी वर्षं तुमच्या दोघींत नुसता अबोला आहे असं मी समजत होते.

मावशी, आता आडपडदा नको. बाबा तुझ्याकडे आहेत का? होते का कधी? हो असेल तर हो लिही. मी ओरडणार नाही. मला एवढंच कळू दे की माणूस कुठे गेला.

बबडी

---

८ मार्च

चि. बबडी,

नाही. ते माझ्याकडे कधीच नव्हते. ताईच्या मनात हे असेल असं मला स्वप्नातही वाटलं नाही. मला वाटायचं, तिला खरं कळलंय, म्हणून ती येत नाही. पाच आठवडे मी रोज कागद घेऊन बसत होते. तुझं हे पत्र आलं नसतं तर बहुतेक तशीच मेले असते.

पत्रासोबत फडक्यात शिवून एक वस्तू पाठवली आहे. ती आधी उघडू नकोस.

आमचा खिळ्यांचा कारखाना तुला आठवत नसेल. तार एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने खिळे पडायचे, चाळीस मशीनवर, दिवसरात्र. तिथे समोरचा माणूस ओरडला तरी नुसता जबडा हललेला दिसे. माझे कान तिथेच गेले. त्यामुळे सगळे शिट्टीवर बोलत. मी खिळे निवडून खोक्यात भरायचे, तुझे बाबा फिटर. गेटवर हजेरीचा फळा होता. आत गेलं की आपला बिल्ला खिळ्यावर लावायचा, सुटलं की काढायचा. भावजींना रोज दहा मिनिटं उशीर. मग खिडकीखाली येऊन शिट्टी घालायचे, ‘पुढे हो, माझाही लाव.’ संध्याकाळी मशीनच्या पलीकडून तीच शिट्टी, ‘मला वेळ आहे, माझाही काढ.’ त्या शिट्टीचा एवढाच अर्थ होता, माझ्या बिल्ल्याचं तू बघ. ताईला सांग, ती शिट्टी माझ्यासाठी नव्हती. बिल्ल्यासाठी होती.

त्या दिवशी आम्ही चौघं गेलो होतो. भावजी, मी, कारखान्यात तार ओढायच्या खात्याचे मास्तर आणि पैलवान, जो काडीसारखा होता म्हणून पैलवान. ते दोघंही आता नाहीत. मोसमाचा शेवटचा दिवस होता. मोठी बोट आणि लहान बोट, साडेचारला निघायचं. पैलवान आधीच लहान बोटीत जाऊन बसलेला, मी आणि मास्तर मोठ्या बोटीच्या रांगेत. भावजी पीस शोधायला गेले होते. तू तापात मागितलं होतंस, पांढरं पीस, टोकाला काळं असलेलं. सकाळी ताईशी भांडण झालं होतं, पोरगी आजारी असताना कसली सहल म्हणून. म्हणाले, पीस घेतल्याशिवाय घरी गेलो तर माझं काही खरं नाही.

डाव्या हाताच्या खडकांमागून शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब, मग एक.

मी हात वर केला. माझा बिल्ला काढला, शेजारचा एकेचाळीस काढला. कुणाला काही बोलले नाही, मागे वळून पाहिलं नाही. इतक्या वर्षांची हाताची सवय. त्यांना उशीर होतोय, मागून येतील आणि लहान बोटीत चढतील, असंच वाटलं. लहान बोटीतल्या पैलवानाला वाटलं, ते मोठ्या बोटीत आहेत. राखणदाराने फळा पाहिला. फळा मोकळा. तो आमच्याच बोटीत चढला.

बोट बरीच पुढे गेल्यावर मला पुन्हा शिट्टी ऐकू आली. मास्तर म्हणाले, “तुझा भावजी कुठेही असला तरी तुला कामाला लावतो.” आम्ही हसलो. बबडी, आम्ही हसलो.

किनाऱ्यावर मी माझा बिल्ला पेटीत टाकला. त्यांचा त्यांना द्यायला पर्समध्ये ठेवला. शेवटची बस होती, तशीच धावत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर नेहमीसारखा त्यांचा हजेरीचा बिल्ला लावला. दहा वाजता कळलं, ते मशीनवर नाहीत. वाटलं, ताईशी भांडून कुठेतरी बसले असतील. संध्याकाळी त्यांचा काढलाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. बेटाचा फळा मोकळा होता, म्हणजे माणूस परतला. कारखान्याच्या फळ्यावर हजेरी होती, म्हणजे कामावर आला. बाकी राहिलं काय? मॅनेजरने विचारलं, “कोणी पाहिलं त्याला?” दुसऱ्याचा बिल्ला लावला की दोघांनाही काढून टाकायचे, हे आमच्या डोक्यात इतकं भिनलेलं. मी म्हटलं, “मी पाहिलं. गेटवर.”

बस. एवढं एकच वाक्य.

त्या दिवशी सांगता आलं असतं. चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशीसुद्धा. समुद्र खवळायला अजून आठवडा होता. रोज ठरवायचे, उद्या सांगते. पण उद्या सांगितलं तर काल का नाही सांगितलं हे विचारणार. आणि मनाला समजवायचे, पक्क्या बेताने पळाला असेल, सगळे म्हणतात ते खोटं कसं असेल. मग वारा सुटला, बोटी वर ओढल्या. मी रात्रंदिवस आकाशाकडे बघायचे. पाऊस पडला की बरं वाटायचं, बेटावर पाण्याची टाकी आहे म्हणून. आणि बरं वाटलं की त्याचीच भीती वाटायची, कारण मग मला माहीत होतं, ते कुठे आहेत.

नोव्हेंबरातल्या पहिल्या बोटीने मी एकटी गेले. जेटीवर उतरले आणि झाडांमधून शिट्टी आली. एका झाडातून, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. माझ्या बिल्ल्याचं तू बघ. माझ्या बिल्ल्याचं तू बघ. मी जेटीवरच बसून राहिले. एक पाऊल पुढे टाकलं नाही. परतीची बोट आली तेव्हा चढले. शोधलंसुद्धा नाही गं मी त्यांना.

आता मला दुकानातली ठोकाठोक ऐकू येत नाही, दारावरची थाप ऐकू येत नाही. ती शिट्टी येते.

तू किरकिर केलीस म्हणून ते गेले नाहीत. ते घरी यायला निघाले होते.

फडकं आता उघड. ताईला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला कुणी विचारलं तर मी आता नाही म्हणणार नाही.

मावशी

---

२ एप्रिल

धाकटे,

मायना वगैरे मला जमत नाही, तुला माहीत आहे.

पोरीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही. समोर ठेवलं आणि चहा करायला गेली. तीन वेळा चहा केला तिने. तोवर मी वाचत होते.

लोक विचारायचे, काही पत्ता लागला का? मी म्हणायचे, असल्यापेक्षा मेलेला परवडला. चारचौघांत, मोठ्याने. एकतीस वर्षं टाकलेली बाई म्हणून जगले मी. पोरीला शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव लिहू दिलं नाही. शिव्या दिल्या त्याला, आणि तुला तर मनात काय काय दिलं ते इथे लिहीत नाही. आणि तुझ्या पर्समध्ये तो बिल्ला होता.

माझा राग कसा आहे ते मलाच अजून कळत नाही. तुझ्यावर आहे, हे नक्की.

परवा आम्ही बेटावर गेलो. यंदाचा शेवटचा दिवस होता. पोरीच्या तिन्ही मैत्रिणी आल्या. ती जाडी, डाएट का कोण, तिने दिवसभर एक घास खाल्ला नाही, म्हणजे बघ. बोटीतून उतरताना माझा हात धरून म्हणाली, “काकू, खाली बघू नका, माझ्याकडे बघा, मी केवढी आहे.” हसू आलं मला. लाज वाटली हसू आलं त्याची.

राखणदार आम्हाला डावीकडच्या खडकांमागे घेऊन गेला. वाट नाहीच. भरतीचं पाणी चढलं की ते खडक जेटीपासून तुटतात, त्या बाजूला गेलेला माणूस तिकडेच अडकतो. पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या वर, एक कपार आहे. तिच्या तोंडाशी दगड रचलेत, वाऱ्याच्या बाजूने, कमरेएवढे. राखणदार म्हणाला, “आम्ही समजत होतो, पक्ष्यांवर अभ्यास करणाऱ्यांनी आडोसा केलाय.” मी आत जाऊन बसले. एका माणसाला पाय दुमडून बसता येईल एवढीच जागा. डोक्याच्या वर, दगडाच्या फटीत, एक खिळा ठोकलेला. गंजून काडी झालाय, पण चार इंची, डोक्यावर तुमच्या कारखान्याचा छाप. त्याच्या खिशात खिळे नाहीत असा एक दिवस गेला नाही. कपडे धुताना किती वेळा बोट टोचलंय माझं. जिथे बसेल तिथे आधी खिळा ठोकायचा. सदरा टांगायला.

मी त्या खिळ्याला हात लावला नाही. राखणदाराने वहीत नोंद केली. पुढे पोलिसांत काय सांगायचं ते पोरगी बघेल.

बिल्ला मी टांगला. एकेचाळीसच्या खिळ्यावर. जेटीवर लोक फोटो काढत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. तुझ्या फडक्यात इतकी वर्षं राहूनही तो काळा पडला नव्हता. पुसत होतीस ना? पुसतच असशील. लहानपणी कप फोडलास तेव्हाही तुकडे धुऊन ठेवले होतेस.

हे सगळं कळवायला लिहीत नाहीये. पोरीनेही लिहिलं असतं. एक गोष्ट मीच सांगायला हवी म्हणून लिहिते.

साडेचारला बोट निघाली. सगळे चढले, दोर सोडला, इंजिन सुरू झालं. आणि खडकांच्या मागून शिट्टी आली. पक्षीच होता. मला काय कळत नाही? बोटीतली माणसं हसली, एकाने उलट शिट्टी घातली. पोरीने माझा हात घट्ट धरला.

मी बोटवाल्याला म्हटलं, “थांबा.”

तो म्हणाला, “काय राहिलं, आजी?”

मी म्हटलं, “थांबा जरा.”

त्याने इंजिन बंद केलं. एक-दोघं कुरकुरले, पोरीची ती एक्स-रे त्यांच्याकडे बघून गप्प करत होती. बोट जेटीजवळच डुलत राहिली. दहा मिनिटं झाली असतील. शिट्टी आणखी दोनदा झाली, मग थांबली. खडकांवर ऊन होतं. कुणी आलं नाही. मग मी म्हटलं, “चला.”

एवढंच करायचं होतं गं.

ताई